अनुभव : निरंक

मुलांनो, आज आधी मनात एक चित्र उभं करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

तुम्ही एका दुकानात काम करता. कोणता माल संपत आला, कोणता पडून आहे, कोणाला काय भावाने द्यायचं, हे सगळं तुम्हाला विचारूनच चालतं. पण सकाळी दुकान उघडलं की तुम्ही पुढे यायचं नाही. मागच्या खोलीत बसायचं. मधे एक जाड पडदा. पहिलं गिऱ्हाईक पैसे देऊन जाईपर्यंत तुमचं तोंड कुणाला दिसता कामा नये. का? तुम्ही चोरी केली आहे का? नाही. तुमच्या घरातलं एक माणूस वारलं आहे, एवढंच.

राहिलं उभं चित्र? मग आता त्या पडद्यामागे बसणाऱ्या बाईची ओळख करून देतो.

तिचं नाव मंजुश्री. लातुरात गोलाईच्या जवळ पाइप, ठिबकच्या नळ्या आणि पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग विकणारं एक दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानाचे मालक मलप्पा हे मंजुश्रीचे सासरे. त्यांचा थोरला मुलगा संगमेश्वर म्हणजे मंजुश्रीचा नवरा. तीन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि तो गेला. मागे राहिल्या मंजुश्री आणि त्यांची मुलगी तनुजा. तनुजा आता सहावीत आहे. हे लिंगायत कुटुंब मूळचं उदगीरकडचं, कर्नाटकाच्या शेजारचं, म्हणून तनुजा आजोबांना अज्जा म्हणते आणि आजीला अव्वा.

संगमेश्वर गेला तेव्हा दुकान बसायच्याच बेतात होतं. मलप्पांना कॉम्प्युटर येत नव्हता आणि धाकटा मुलगा मृत्युंजय गिऱ्हाइकांपेक्षा मोबाइलमध्येच जास्त रमायचा. मग मंजुश्री मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसली. ती बी.कॉम. झालेली होती. मालाची मागणी, बिलं, जीएसटीचे कागद, फोनवरची बोलणी, सगळं तिने हातात घेतलं. दुकान उभं राहिलं. पडदाही तेव्हाच लागला.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला बोहनी म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. बोहनीच्या आधी विधवेचं तोंड दिसलं तर दिवसभर धंदा होत नाही, अशी बाजारातल्या अनेकांची समजूत. ती कोणी लिहून ठेवलेली नाही, पण पाळतात मात्र कायद्यापेक्षा कडक.

एका साध्या सकाळची गोष्ट सांगतो, म्हणजे तिथे काम कसं चालायचं ते कळेल. रेणापूरचे शेतकरी अण्णाराव दुकानाची पायरी चढले. कपाळाला भस्म लावलेले मलप्पा गादीवर बसले होते.

"मालक, ठिबकची सोळा एमएमची नळी पायजे."

मलप्पांनी मान न वळवता आवाज दिला. "सोळाची हाय का गं?"

पडद्यामागून उत्तर आलं. "हाय, मामा. पण अण्णाराव काकांच्या उसाला मागं वीसची नेली व्हती. सोळाची त्यांना बसायची न्हाई."

मलप्पा अण्णारावांना म्हणाले, "तुम्हाला वीसची लागंल."

"आयला, खरंच की!" अण्णाराव म्हणाले. "मालक, तुमच्या ध्यानात लई ऱ्हातं बघा."

मलप्पा मिशीत हसले. पडद्यामागे मंजुश्रीही हसली. पण मुलांनो, त्या दोन हसण्यांत फरक होता.

अशी तीन वर्षं गेली. मग मृत्युंजयचं लग्न ठरलं, निलंग्याच्या मुलीशी. एका दुपारी मंजुश्री भाकरी थापत होती. मलप्पा आणि मृत्युंजय जेवत होते आणि सासूबाई बसम्मा वाढत होत्या. त्यांनीच विषय काढला.

"मंजू, पाव्हण्यांचं एक म्हननं हाय. नवी नवरी उंबरा ओलांडून आत आली की समोर... म्हंजे, बरं दिसत न्हाई ना गं."

"काय बरं दिसत न्हाई, आत्या?"

"आता तुला उघडून सांगू व्हय? तू असं कर. रेणापूरला जा. माझ्या नणंदेला, धोंडाबाईला, आता हातानं करून खानं व्हईना. तिला सोबत व्हईल, तुलाबी निवांत."

"अन् तनू?"

"तनू इथंच ऱ्हाईल. तिची शाळा हाय. अन् आमच्या संगमेश्वराची तेवढीच तर खूण हाय."

मंजुश्रीच्या हाताखालची भाकरी थापायची राहिली. तव्यावरची करपू लागली.

"अन् दुकान?" तिने विचारलं.

"नवी सून बी.कॉम. हाय," मलप्पा ताटाकडे बघत म्हणाले. "कॉम्प्युटर ती बघंल."

"मी बी बी.कॉम.च हाय, मामा."

यावर बसम्मा म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती, म्हणून ते वाक्य जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "तुझं काय आता, पोरी. तुझं झालं की."

मंजुश्रीचं वय चौतीस होतं.

तिने करपलेली भाकरी उतरवली, बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. पण मनात तिने एक साधा हिशेब मांडला होता. नोकरी मिळाली तर खोली घेता येईल. खोली असेल तर तनू माझ्यापाशी राहील. नोकरी नसेल तर लग्नाआधी मी रेणापूरला आणि तनू इथे.

नोकरीसाठी आधी अर्ज लागतो. स्वतःची माहिती देणारा कागद लागतो. तुम्हीही मोठेपणी तो लिहाल. मंजुश्रीने तो आधी लिहिला नव्हता. आपल्या भागात पुष्कळ मुलींचा आयुष्यात एकच बायोडाटा बनतो, आणि तो लग्नाचा. म्हणून ती कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेंटरमध्ये गेली. तिथे मन्मथ नावाचा हसरा तरुण बसायचा.

"ताई, बिनघोर ऱ्हावा," तो म्हणाला. "आपल्याकडनं गेलेल्या बायोडाटाचं आजवर एक बी लगीन अडलं न्हाई."

"मला नोकरीचा पायजे, दादा."

"तेच तर. तयार फाइल हाय आपल्यापाशी. नाव बदललं की झालं."

त्याने फाइल उघडली. वर देवाचं चित्र, चारही बाजूंनी फुलांची वेलबुट्टी. खाली जन्मवेळ, रास, उंची, रंग, मामाचं गाव. मन्मथने 'अपेक्षा' या रकान्यात 'नोकरी' असं टाइप केलं. वैवाहिक स्थितीपुढे 'विधवा' लिहिलं. अपत्य, एक.

"अनुभव? कुठं पगारावर व्हता का?"

"पगारावर न्हाई. आमच्याच दुकानात..."

"घरच्या दुकानाचं काय लिवायचं? निरंक टाकतो."

निरंक म्हणजे काहीच नाही. कागदावर जागा मोकळी सोडायची नसली की निरंक लिहितात. मंजुश्री त्या शब्दाकडे बघत राहिली. सांगायला बरंच होतं, पण सेंटरमध्ये मागे माणसं खोळंबली होती आणि आपण दुकानात करतो ते काम आहे असं तिला स्वतःलाही कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिने मान डोलावली.

तो कागद बऱ्याच ठिकाणी गेला. नांदेडची एक पाइप कंपनी लातुरात गोदाम उघडणार होती आणि तिथला साठा सांभाळायला माणूस हवा होता. त्या कंपनीलाही तो गेला. कुठूनच उत्तर आलं नाही.

आता ऐका, गंमत कुठे आहे ती. मलप्पांचं दुकान माल मागवायचं तो त्याच नांदेडच्या कंपनीकडून. तिथे सुकन्या नावाची बाई होती. ती दर आठवड्याला मागणी लिहून घ्यायला फोन करायची. ती मंजुश्रीला 'लातूरवाल्या ताई' म्हणायची आणि मंजुश्री तिला 'नांदेडवाल्या ताई'. कंपनीच्या खात्यावर नाव मलप्पांचं, त्यामुळे मंजुश्रीचं नाव विचारायची वेळ कधी आलीच नव्हती. एकमेकींचा आवाज मात्र दोघी झोपेतसुद्धा ओळखतील अशी स्थिती.

त्या आठवड्यात मागणी सांगून झाल्यावर मंजुश्रीने धीर करून विचारलं, "ताई, तुमच्या लातूरच्या गोदामाची जागा भरली का हो?"

"न्हाई अजून. अर्ज मीच चाळायलेय. कामून?"

"मी टाकला व्हता अर्ज. मंजुश्री नावानं."

 पलीकडून सुकन्याचा चढलेला आवाज आला. "फुलाफुलांचा? कन्या रास? तुम्ही हायेत व्हय त्या? अहो, तो मी पहिल्या झटक्यात बाजूला टाकला!"

मंजुश्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राग मानू नका, खरं सांगते," सुकन्या म्हणाली. "माझ्यासमोर अर्जांचा ढीग हाय. एका अर्जाला चहाचा एक घोट, एवढाच वेळ. मी वरचा अर्धा कागद बघते. या माणसानं आजवर केलंय काय, अन् आमचं काम त्याला झेपंल का? तुमच्या वरच्या अर्ध्या कागदावर देव, रास अन् रंग. खाली अनुभव निरंक. निरंक काय, ताई! परवाच्या उन्हाळ्यात आम्ही गाडीत भलत्याच मापाचा माल भरला व्हता. गाडी निघायच्या आधी बिल बघून फोनवर कुणी धरलं ते?"

"मीच."

"मग ते लिवा की!"

मंजुश्री म्हणाली, "लिवते."

"अन् ऐका. ओळखीचा अर्ज म्हणून मी पुढं सरकवणार न्हाई. बाकीच्यांसारखाच चाळीन. जिथं काम केलं तिथल्या मालकाचं नाव अन् फोन त्यात पायजे. आमचे रामकिशन साहेब स्वतः फोन करून खात्री करतात. तिकडून न्हाई म्हणले की अर्ज संपला."

रविवारी दुपारी दुकान बंद होतं. मंजुश्री कॉम्प्युटरसमोर बसली आणि तनुजा शेजारी पाइपांच्या बंडलावर. मंजुश्रीने पहिलं वाक्य लिहिलं, 'दुकानातील सर्व कामे केली.'

तनुजाने नाक मुरडलं. "सर्व म्हंजे कोनती?"

"सर्व म्हंजे सर्व."

"आमच्या बाई असं चालवून घेत न्हाईत. गणितात नुसतं उत्तर लिवलं तर मार्क देत न्हाईत. पायऱ्या दाखव म्हणतात."

मंजुश्रीने ते वाक्य पुसलं आणि पायऱ्या दाखवायला बसली. कोणत्या महिन्यात कोणता माल खपतो हे बघून आधीच मागणी देते. आलेला माल गाडीतून उतरताना मापून घेते. टॅलीवर बिलं करते, जीएसटीचे कागद वेळेत भरते. चुकून आलेला माल कंपनीला परत पाठवायची वेळ पूर्वी वरचेवर यायची, ती आता क्वचित येते. लिहिता लिहिता ती एकदम थांबली.

"काय झालं, आई?"

"काही न्हाई. हे एवढं सगळं मी करती, हे मलाच आत्ता दिसायलंय."

बाळांनो, अशा कागदात आपली फुशारकी मारायची नसते आणि रडगाणंही गायचं नसतं. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो, हे माणूस माझं काम करील का? जे त्या प्रश्नाचं उत्तर आहे ते वर आणि ठळक लिहायचं. जे उत्तर नाही ते कितीही लाडकं असलं तरी काढायचं.

"देवाला काढू?" तनुजाने विचारलं.

"काढ. देवाला कुठं नोकरी पायजे?"

दोघी हसल्या. रास गेली, रंग गेला, मामाचं गाव गेलं. मग 'विधवा' हा शब्द आला. मंजुश्रीचं बोट कळीवर थांबलं.

"हे काढलं तर बाबांचं नाव पण जाईल?" तनुजाने हळूच विचारलं.

"न्हाई गं. माझ्या नावात त्यांचं नाव हाय, ते वर तसंच हाय. पण हे माझं शिक्षण न्हाई, अन् माझं काम बी न्हाई." तिने तो शब्द पुसला.

दुसऱ्या दिवशी मन्मथकडे छापून घ्यायला गेली तेव्हा त्याने कागद वाचून भुवया उंचावल्या. "ताई, लई भारी. पण वर 'मॅनेजर' लिवा की. सगळेच लिवतात."

"अन् फोनवर इचारलं, या मॅनेजर व्हत्या का, तर कोन व्हय म्हनंल? केलं तेवढंच लिवायचं, दादा. ते काही थोडं न्हाई."

आता राहिलं मलप्पांचं नाव. मलप्पा रोज सकाळी लिंगपूजा करत. ती आटोपून ते उठले तेव्हा मंजुश्री समोर उभी होती. बसम्मा दाराशी फुलं निवडत होत्या. तनुजा शाळेचे बूट घालत होती आणि कान मात्र इकडे होते.

"मामा, नोकरीच्या अर्जात तुमचं नाव लिवायचंय. मी दुकानात काम केलं म्हनून. ते फोन करून इचारतील."

मलप्पांनी आधी नीट ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग म्हणाले, "घरच्या सुनेला कामाचा दाखला? उद्या भाकरी थापल्याचा बी दाखला मागशील."

"दाखला मागत न्हाई. खरं इचारलं तर खरं सांगा, एवढंच."

बसम्मा मधे पडल्या. "अगं, लोक म्हनतील सुनेला कामाला ठिवलं व्हतं! निलंग्याला कळलं तर? दुकान रांडव बाईच्या जिवावर चाललं म्हनतील."

तो शब्द घरात पडला. मलप्पांनीसुद्धा मान खाली घातली. मंजुश्री मात्र स्थिर आवाजात बोलू लागली.

"मामा, तुम्ही तनूला नेहमी सांगता, आपल्यात कायक मोठं. ज्याच्या त्याच्या हातचं काम हीच त्याची पूजा. माझं कायक कोनतं, तेवढं मला एकदा सांगा. अन् आपल्यात तर विधवेला अशुभ मानूच नये म्हनतात. मठातले स्वामी बी तेच सांगतात. मग आपल्या दुकानात ह्यो पडदा कुठनं आला?"

"बाजाराला धर्म शिकवू नगस," मलप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण नजर वर येत नव्हती. "गिऱ्हाईक माघारी गेलं तर तुझे स्वामी येनार हायेत का पाइप घ्यायला?"

"मी तुमचं नाव अन् नंबर लिवलाय."

"मला न इचारता?"

"आत्ता इचारलं की."

"अन् मी न्हाई म्हनलो तर?"

"तर तसं फोनवर म्हना, मामा. माझ्या कागदावर मी खरंच लिवनार."

ती जिना उतरून खाली गेली आणि अर्ज पाठवून दिला. मग काळजी सुरू झाली. फोन वाजला की पडद्यामागे तिचा हात थबकायचा. लग्नाची खरेदी सुरू झाली होती. धोंडाबाईंचा रेणापूरहून निरोप आला होता, खोली झाडून ठेवली आहे म्हणून.  अर्जाचा विषय परत निघाला नाही.

एका सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. उदबत्तीचा धूर अजून गादीभोवती फिरत होता. अण्णाराव आले होते. विहिरीवर नवी मोटार बसवायची म्हणून त्यांनी बरंच सामान काढायला सांगितलं होतं. पैशाचा बटवा काढून मांडीवर ठेवला होता, पैसे अजून दिले नव्हते. तनुजा शाळेला निघाली होती, एक वेणी बांधलेली, दुसरीची रिबन दातात धरलेली.

तेवढ्यात मलप्पांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर. पलीकडचा आवाज साऱ्या दुकानाला ऐकू आला.

"मलप्पा शेठ का? मी नांदेडहून रामकिशन बोलायलो. आमच्याकडं मंजुश्री संगमेश्वर यांचा अर्ज हाय. तुमच्या दुकानात त्या साठा अन् बिलं बघतात, असं लिवलंय. बरोबर हाय का?"

पडद्यामागची कळफलकाची टकटक बंद पडली.

मलप्पांनी अण्णारावांकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. म्हणाले, "आमच्या दुकानात बाईमानूस कामाला न्हाई."

"मग या मंजुश्री कोण?"

"सून हाय आमची. घर सांभाळती."

"म्हंजे दुकानाचं काम त्या करत न्हाईत?"

"न्हाई."

अण्णाराव खो खो हसले. "काय मालक! मग मला इतकी वर्षं पडद्याआडून मापं कोन सांगायलंय? भूत हाय काय?"

मलप्पांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. फोनमधला आवाज म्हणाला, "ठीक हाय शेठ. अर्ज बाजूला ठेवतो मग."

तनुजाच्या दातातली रिबन खाली पडली. तिने गादीवर झेप घेतली आणि आजोबांच्या हातातून फोन घेतला.

"ओ काका, ठेवू नका! मी तनुजा. मंजुश्रीची मुलगी. माझी आई इथंच काम करती. आत्ता बी करायली. अज्जा खोटं बोलायलेत."

"तनू!" मलप्पा ओरडले.

 पलीकडून आवाज आला. "बरं, बाळा. आईला दे फोन."

तनुजा पडद्यापाशी गेली. गेली तीन वर्षं सकाळचा फोन असाच आत जायचा. पडद्याच्या कडेने एक हात बाहेर यायचा आणि फोन घेऊन परत आत जायचा. आजही तो हात बाहेर आला. पण तनुजाने त्यात फोन ठेवला नाही. तिने पडद्याची कड धरली आणि सर्र करून तो पार भिंतीपर्यंत सरकवला.

"फोन हितं हाय, आई. तू बाहेर ये."

मंजुश्री खुर्चीवरून उठली. तिने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं.  ती चालत पुढे आली, गादीच्या बाजूला उभी राहिली आणि फोन घेतला. रामकिशन साहेबांनी तिला कामाचे चारदोन प्रश्न विचारले. तिने नीट उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "सोमवारी नांदेडला या. समोरासमोर बोलू. बाकीचं मग ठरवू."

फोन बंद झाला. नोकरी मिळाली असं समजू नका. फक्त पहिली चाळणी पार झाली होती. पण याच चाळणीतून तिला याआधी दोनदा खाली पाडलं होतं. एकदा नांदेडच्या कचेरीत आणि एकदा, आत्ताच, तिच्या स्वतःच्या घरात.

मंजुश्रीने फोन मलप्पांपुढे ठेवला. मग मलप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "बोहनी व्हायची व्हती अजून, पोरी."

अण्णारावांचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांनी बटवा उचलला आणि खिशात घातला.

"मी जरा गोलाईला चक्कर टाकून येतो," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल मनात काही न्हाई हं, ताई. पण नवी मोटार बसवायची हाय. समजून घ्या."

ते पायरी उतरून चपला घालू लागले. मुलांनो, अण्णाराव काही वाईट माणूस नाही. आत्ता मंजुश्रीच्या बाजूने बोलला तोच हा माणूस. वाईट चाली चालवायला वाईट माणसं लागत नाहीत. अशी भली माणसं वेळेवर चपला घालून निघाली की झालं.

मंजुश्रीने मागे पाहिलं. पडद्यामागची खुर्ची रिकामी होती आणि तिथे जाऊन बसणं फार सोपं होतं. तिने एक पाऊल मागे टाकलंही.

तेव्हा तनुजाने काय केलं ते ऐका. ती गादीला वळसा घालून बाहेरच्या बाजूला गेली, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे. दप्तर पायाशी ठेवलं. कंपासपेटी उघडली आणि शाळेत खाऊसाठी घरून मिळालेलं नाणं बाहेर काढलं.

"मला नळाचं एक वायसर द्या," ती आईला म्हणाली.

"तनू, हे काय चाललंय?"

"गिऱ्हाईक हाय मी. द्या लवकर, शाळेला उशीर होयलाय."

मंजुश्री जागच्या जागी उभी राहिली. मग पुढे आली, खण ओढला आणि रबरी वायसर काढून मुलीच्या हातावर ठेवलं. तनुजाने नाणं मलप्पांपुढे केलं नाही. ते तिने आईच्या तळहातावर ठेवलं आणि आईची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली.

मग ती पायरीपाशी धावत गेली आणि एक चप्पल घालून उभ्या असलेल्या अण्णारावांना म्हणाली, "काका, आमची बोहनी झाली. आता या आत."